आठव्या मजल्यावरची ओमायरा

अमेरिकेतल्या या प्लेनो शहरात आमच्या दाराची बेल सहसा वाजत नाही. पार्सलवाला खोकं ठेवून निघून जातो, मैत्रिणी पार्किंगमधून फोन करतात, आणि शेजाऱ्यांची ओळख असलीच तर ती त्यांच्या गाडीच्या रंगापुरती. त्यामुळे या अपार्टमेंटमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी कुणीतरी दारावर टकटक केली, तेव्हा मिलिंदने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग दार उघडलं.

बाहेर साठीच्या पुढची एक बुटकी बाई उभी होती. इस्त्रीचा शर्ट, ओठांना लिपस्टिक, केस मागे घट्ट बांधलेले आणि हातात नॅपकिनने झाकलेली ताटली.

"मी ओमायरा. समोरच्या दारातली," ती तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तुमची नावं काय? घरात कोण कोण? कुणी आजारी आहे का? जिना चढायला कुणाला त्रास?"

मिलिंदने शाळेतल्या मुलासारखी ओळीने उत्तरं दिली. मी, बायको, मुलगी मैत्री. आणि पुढच्या महिन्यात नागपूरहून सासूबाई येणार, त्यांचे गुडघे दुखतात. गुडघ्यांचा इंग्रजी शब्द तिला कळेना, तेव्हा त्याने वाकून स्वतःचा गुडघा चोळून दाखवला. तिने गंभीरपणे मान हलवली. सगळं ऐकून झाल्यावर ताटली माझ्या हातात दिली आणि आपल्या दारात शिरली. ताटलीत मक्याच्या पिठाच्या जाड, गरम भाकऱ्या होत्या, मधे चिरून चीज भरलेल्या. त्यांना आरेपा म्हणतात, हे नंतर कळलं.

"अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसची होती का गं?" मिलिंदने विचारलं.

ती कुठल्याच ऑफिसची नव्हती. व्हेनेझुएलातून, काराकस शहरातून आली होती. तिथे ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे एका डे-केअरमध्ये दुसऱ्यांची बाळं झोपवायची. मुलगा राफाएल तिकडे इंजिनिअर होता. इथे लोकांचे एसी आणि हीटर दुरुस्त करायचा. दोघं आमच्या समोरच्या घरात राहत. मला तिने नावाने कधी हाक मारली नाही. मी तिची 'वेसिना', म्हणजे शेजारीण. हा शब्द ती असा उच्चारायची की शेजारीण हे आत्या-मामीसारखं एखादं पक्कं नातं असावं. मैत्री मात्र तिला पहिल्या आठवड्यापासून 'ओमायरा मावशी' म्हणू लागली आणि तो शब्द ओमायराने विनातक्रार स्वीकारला.

आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरी ती अशी ताटली घेऊन गेली होती. काहींनी दार उघडलं नाही, तिथे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग तिच्या मनाने घेतलं की या इमारतीची कमिटी पाहिजे. एका रविवारी तिने सगळ्यांना स्विमिंग पूलपाशी बोलावलं. आम्ही तिघं गेलो. एक कोरियन आजोबा आले. त्यांना वाटलं पोहण्याचा क्लास आहे, म्हणून टॉवेल घेऊन आले. आणि लीजिंग ऑफिसची मुलगी आली, ती हे सांगायला की पूलजवळ जमण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. ओमायराने त्या मुलीलाही खुर्ची दिली, नाव विचारलं, कॉफी दिली. कमिटी काही झाली नाही. पण कोरियन आजोबा त्यानंतर दर रविवारी टॉवेल न घेता तिच्याकडे कॉफीला येऊ लागले. दोघांना एकमेकांचं इंग्रजी कळत नसे, त्यामुळे वाद व्हायचा प्रश्न नव्हता.

काराकस मी नकाशातसुद्धा कधी नीट पाहिलेलं नव्हतं. पण तिच्या इमारतीचा जिना मला आता आमच्या नागपूरच्या घराइतका पाठ आहे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, मक्याचं पीठ मळताना ती त्या इमारतीबद्दलच बोलायची. आठ मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. राहणारे लोक बँकेतले, शाळेतले, सरकारी कचेरीतले, एक दातांचा डॉक्टर. "आम्ही श्रीमंत नव्हतो, वेसिना, आणि गरीबही नव्हतो. हप्त्यावर गाडी, हप्त्यावर फ्रीज आणि वर्षातून एकदा समुद्र." कोपऱ्यावर पोर्तुगीज माणसाची बेकरी होती. तिथे नुसती 'कॉफी द्या' म्हटलं तर तो तुच्छतेने बघायचा. दूध किती, पाणी किती, सगळं सांगावं लागे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवा डोंगर दिसायचा. संध्याकाळी निळे-पिवळे मोठाले पोपट बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसायचे आणि केळं मिळेपर्यंत ओरडायचे.

नाताळच्या आधी सगळी इमारत मिळून हाय्याका करायची. मक्याच्या पिठात मांसाचं सारण भरून, केळीच्या पानात बांधून उकडतात, ते. तिसऱ्या मजल्याने पानं पुसायची, पाचव्याने सारण करायचं, आठव्याने दोऱ्याने बांधायचं. दातांच्या डॉक्टरने बांधलेली गाठ उकळताना हमखास सुटायची. "म्हणून मी त्याच्याकडे कधी दात दाखवला नाही," ती म्हणायची.

भांडणंही ती तितक्याच प्रेमाने सांगायची. चौथ्या मजल्यावरचा पियानो, पार्किंगच्या जागा, लिफ्टच्या दुरुस्तीचे वाद. कितीतरी वर्षं ती इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष होती, तेव्हा सगळी भांडणं तिच्याच दारात यायची. पुढे देशातल्या निवडणुकांवरून एकाच मजल्यावरची दोन घरं बोलेनाशी झाली. ते भांडण तिला सोडवता आलं नाही.

मग पाणी ठरावीक वेळेलाच येऊ लागलं. पिठासाठी रांगा लागल्या. आणि माणसं जाऊ लागली. डॉक्टर चिलीला गेला, बँकवाले स्पेनला, पियानोवाली मुलगी पेरूला. जाताना प्रत्येक जण घराची किल्ली ओमायराकडे ठेवून जायचा. "झाडांना पाणी घाल. नळ मधूनमधून सोडत जा. थोड्या दिवसांत येतोच." रविवारी ती एकेक घर उघडायची, खिडक्या मोकळ्या करायची, नळ सोडायची, फोटोंवरची धूळ पुसायची. एका घरात जेवणाच्या टेबलावर ताटं मांडलेली तशीच होती. ती तिने धुतली आणि पुन्हा तशीच मांडून ठेवली.

"परत आले का कुणी?" मी एकदा विचारलं.

"राफाएलसुद्धा इकडे येताना 'थोड्या दिवसांत परततो' म्हणाला होता," ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

थंडी सुरू व्हायच्या सुमारास माझी आई आली. ती नागपूरला पोस्टात नोकरी करून रिटायर झालेली. ओमायराने आल्या आल्या आईला खुर्चीवर बसवलं, समोर जमिनीवर बसून तिचा गुडघा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "रोदिया."

"गुडघा," आई म्हणाली.

त्यांची भाषा तिथून सुरू झाली आणि भाज्या, मसाले, दुखणी एवढ्यावरच राहिली. तेवढी त्यांना पुरत होती. आरेपाबद्दल आईचा निकाल होता: "मीठ कमी आहे, पण भाजते चांगलं." सकाळी आईची बुद्धवंदना चालू असताना ओमायरा आली तर दारातच हात जोडून उभी राहायची आणि संपल्यावर आपल्या छातीवर क्रूस काढून मग आत यायची.

त्या दिवसांत एका मराठी कुटुंबाकडे आम्ही जेवायला गेलो होतो. तिथल्या काकूंनी आईला आग्रहाने वाढलं, साडीचं कौतुक केलं आणि मग सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?" आईने सांगितलं. "अच्छा, अच्छा," काकू म्हणाल्या आणि पोळ्या आणायला उठल्या. पुन्हा आमच्याजवळ येऊन बसल्या नाहीत. परतताना हायवेवर आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "या ओमायरानं मले पहिल्या दिवशी गुडघ्याचं विचारलं. आडनाव अजूनबी नाही विचारलं तिनं."

 

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. एके सकाळी लाइट गेली, हीटर बंद पडला, दुपारपर्यंत नळही गोठले. आम्ही घरातली सगळी पांघरुणं एका खोलीत जमा केली. मला खात्री होती की आता ओमायरा येईल, कुणाकडे मेणबत्त्या आहेत, कुणाकडे म्हातारी माणसं आहेत, विचारेल, सगळ्यांना कामाला लावेल. राफाएल पहाटेपासून लोकांचे हीटर दुरुस्त करायला गेला होता. ती मात्र आली नाही. मी दार वाजवलं, आतून आवाज नाही.

मैत्री खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "आई, ओमायरा मावशी इज इन हर कार. शी इज जस्ट सिटिंग देअर."

आईने मिलिंदचं जाकीट चढवलं, त्यावर शाल गुंडाळली आणि माझा दंड धरून एकेक पायरी उतरली. गाडीचं पुढचं दार उघडून ओमायराशेजारी बसली. "तू जाय वर," मला म्हणाली. वरून मला त्या दोघी दिसत होत्या. ओमायरा बोलत होती, तिचे हात सारखे हलत होते. आई समोरच्या काचेकडे बघत ऐकत होती. एकदा ओमायराने स्टिअरिंगवर दोन्ही मुठी आपटल्या. मग आईने तिची एक मूठ धरली आणि आपल्या मांडीवर शालीखाली ठेवून दिली.

बऱ्याच वेळाने दोघी वर आल्या. ओमायरा सरळ आमच्या घरात येऊन पांघरुणांच्या ढिगात मैत्रीजवळ बसली. ती डोळे मिटून पडल्यावर मी आईला हळूच विचारलं, "काय म्हणत होती?"

"मले कुठं कळते तिची भाषा." आई पायमोजे काढत होती. "नवरा असाच गेला वाटते तिचा. लाइट गेली होती तवा."

"कशावरून?"

"दम कोंडल्यासारखं करून दाखवलं. मग बोटानं पायऱ्या दाखवल्या. खाली, अजून खाली."

आईचं बरोबर होतं. वादळ थांबल्यावर, पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून जिन्यात मीठ टाकत असताना राफाएलने मला सगळं सांगितलं. त्याचे वडील गुस्तावो हृदयाचे आजारी होते, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असायचे. सगळ्या देशाची वीज गेली तेव्हा मशीनची बॅटरी दुसऱ्या दिवशी सकाळी संपली. लिफ्ट बंद, फोन बंद. गुस्तावोंना खुर्चीत बसवून आठ मजले खाली न्यायचं तर चार माणसं हवीत. ओमायरा सातव्या मजल्यावर गेली आणि दारं वाजवू लागली. मग सहाव्या, मग पाचव्या. ज्या दारांवर ती थापा मारत होती, त्यांच्या किल्ल्या तिच्याच कपाटात होत्या. घरात कुणी नाही हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तरी तिने एकही दार सोडलं नाही. दुसऱ्या मजल्यावर इल्दा नावाची म्हातारी शेजारीण आणि तिचा भाऊ तेवढे होते. ते वर आले. तिघांनी खुर्ची उचलली. चौथ्या मजल्याच्या वळणावर गुस्तावोंनी मान टाकली.

"मी तेव्हा इथे होतो," राफाएल म्हणाला. "बाबा गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं." मिठाची पिशवी रिकामी झाली होती, तरी तो ती झटकत राहिला.

त्यानंतर तिचं दार वाजवणं मला वेगळं ऐकू येऊ लागलं.

आई नागपूरला परत गेली. वर्ष दीड वर्ष बरं गेलं. मग एक दिवस बातम्यांत आलं की तिच्या देशाच्या लोकांना इथे राहायला दिलेलं तात्पुरतं संरक्षण काढून घेणार. मग आलं, कोर्टाने थांबवलं. मग पुन्हा काढलं. ओमायरा रोज सकाळी मला विचारायची, "वेसिना, आज काय आहे? आहे की नाही?" एक दिवस डे-केअरच्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं की तुमचं काम करायचं परमिट संपलं, आम्हाला ठेवता येणार नाही. सांगताना त्या रडल्या. ओमायराने त्यांना पाणी आणून दिलं.

राफाएलने आसऱ्यासाठी वेगळा अर्ज केला होता, तो अडकून पडला होता. तो पहाटे मागच्या रस्त्याने कामाला जाऊ लागला. आणि ओमायराने दार वाजवणं बंद केलं. इतकंच नाही, तिने आपल्या दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. कुणी पिझ्झा घेऊन जिन्यात आलं तरी तिच्या टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. मैत्री दाराच्या फटीशी तोंड नेऊन सांगायची, "मावशी, इट्स मी. ओन्ली मी." मग एक कडी निघायची, थांबून दुसरी. कोरियन आजोबा दोन रविवार येऊन दारासमोर उभे राहून परत गेले. तिसऱ्या रविवारी आले नाहीत.

आमच्याही घरात बोलणी बदलली होती. आम्ही व्हिसावरच होतो. मिलिंद म्हणाला, "यार, तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आपण जरा जपून राहूया." तो पासपोर्टच्या कॉपीज गाडीत ठेवायला लागला होता. मी फोनवर आईला हे सांगितलं.

"चोरी केली का तिनं काही?" आईने विचारलं.

"नाही."

"मग काऊन लपते? अन् तुम्ही काऊन भेता?"



एके संध्याकाळी ओमायराने मला आत बोलावलं. राफाएल टेबलाशी बसला होता, कामाचे कपडे अंगावर तसेच. तिने माझ्यासमोरच सांगितलं, "मी जाते परत. माझी मी जाईन. कुणी न्यायच्या आत."

"तिथे आहे काय?" राफाएल म्हणाला. मला कळावं म्हणून तो इंग्रजीत बोलत होता. "रिकामी इमारत. पाणी नाही. डॉक्टर नाही. मी इथून यायचं म्हटलं तरी येता येणार नाही. तुला काही झालं तर?"

"इल्दा आहे."

"इल्दा पंचाऐंशीची आहे, ममा."

"म्हणून तर," ती म्हणाली. "तिला खाली उतरवायला कोण आहे?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "तिथे तू घाबरत नव्हतीस? तिथेही घाबरायचीसच."

"घाबरायचे. पण तिथे मला माहीत होतं, कुणाला घाबरायचं. इथे मी पिझ्झावाल्याला घाबरते." तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "मी भूगोल शिकवायचे रे. मला एकाच खोलीत नाही राहता येत."

राफाएलने टेबलावर डोकं टेकवलं. मी उठले, पण तिने माझा हात धरून मला खाली बसवलं. अशा वेळी शेजाऱ्याने उठून जायचं नसतं, असा तिचा नियम असावा.

ऑगस्टमधल्या ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी राफाएल विमानतळावर आला नाही. त्याने येऊ नये, असं तिनेच ठरवलं होतं. तिथे जागोजागी तपासणी असते. आमच्या पार्किंगमध्येच त्याने तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. ती त्याच्या पाठीवर थापट्या देत होती, डे-केअरमधल्या बाळांना देत असेल तशा. गाडी निघाली तेव्हा तो खिडकीच्या काचेवर हात ठेवून थोडं अंतर चालला आणि मग थांबला. मी आरशात पाहिलं. ओमायरा पाहत नव्हती. मिलिंद मागच्या सीटवर बसला होता. आदल्या दिवशीच म्हणाला होता, "तू एकटी जाऊ नकोस, मी येतो."

वाटेत राफाएलचा फोन आला. तिने स्पीकरवर घेतला.  ती म्हणाली, "फ्रीजमध्ये डाळ आहे, वेसिनाने दिलेली. आज संपव."

ती पोचली, हे आम्हाला राफाएलकडून कळलं. पनामात विमान बदलून गेली. लिफ्ट बंदच आहे, पाणी आठवड्यातून दोनदा येतं, आणि ती आपल्या आठव्या मजल्यावर न राहता दुसऱ्या मजल्यावर इल्दाजवळ राहते. मधे एकदा तिने मैत्रीला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात बाल्कनीच्या कठड्यावर दोन निळे-पिवळे पोपट होते आणि मागून तिचा आवाज: "आतेंसियोन, लक्ष दे, मैत्री. हे बघ, हे लोक अजून गेले नाहीत." आईला मी तो नागपूरला पाठवला. आईने तो कॉलनीतल्या सगळ्यांना दाखवला. राफाएलच्या अर्जाचं अजून काही झालेलं नाही. तो समोरच राहतो. त्याच्या दाराला दोन्ही कड्या आहेत. रविवारी आम्ही त्याला जेवायला बोलावतो, कधी येतो, कधी येत नाही.

पण ओमायरा म्हटलं की मला ती दिसते ती विमानतळावरची. बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर ऊन तापलेलं आणि तिच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड लोकरीचा कोट. इथल्या पहिल्या हिवाळ्यात राफाएलने घेऊन दिलेला. बॅगेत मावला नाही, म्हणून अंगावर घातला होता. "काराकसमध्ये कशाला लागणार आहे तो?" मी विचारलं होतं. "नाही लागणार," ती म्हणाली होती. मिलिंदला तिने वाकायला लावून त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मला म्हणाली, "वेसिना, जा आता. मागे बघत उभं राहायचं नाही."

आम्ही गेलो नाही. दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. तपासणीपाशी माणसाने तिला कोट काढायला सांगितला. तिला कळलं नाही, त्याने पुन्हा सांगितलं. तिने कोट काढला, घडी घातली, ट्रेमध्ये ठेवला आणि बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या शर्टात, हात वर करून अंगाच्या तपासणीच्या काचेच्या खोक्यात उभी राहिली. तेव्हा ती फार लहान दिसली. पलीकडे गेल्यावर तिने कोट झटकला, पुन्हा अंगात घातला आणि बाजूला उभं राहून सावकाश सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत. मग तिच्या शेजारी बूट घालता न येणारी एक म्हातारी बाई बाकावर बसली होती, तिच्यासमोर ओमायरा खाली बसली आणि तिला काहीतरी विचारू लागली. बहुधा नाव.